ओट्यावर चढवलेला दगड

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी लागली आहे. आणि नशिबाने काम मिळालं ते असं, की वर्षानुवर्षं त्याच त्या जागी जाऊन उभं राहायचं. मी पृथ्वीचा आकार मोजते. शाळेत शिकवतात, ती गोल आहे आणि वरून-खालून थोडी चपटी आहे. तेवढ्यावर भागत नाही. ती कुठे फुगलेली आहे, कुठे बसलेली. तिची ओढ इथे जास्त, तर तिथे कमी. शिवाय हे सगळं हळूहळू बदलतही असतं. तो बदल केसाएवढा. तो पकडायचा तर यंत्राखालचा दगड तोच हवा आणि तसूभरही न हललेला हवा.

माझा दगड आमच्या सुलतानपूरबाहेरच्या टेकाडावर होता. जुन्या मोजणीवाल्यांनी काळ्या खडकात बसवलेला, माथ्यावर फुली कोरलेला. या भागातली ठिकाणं निवडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी कागदावर लिहिलं, खाली पाषाण घट्ट आहे. ते खरंच होतं. पण त्यानिमित्ताने दरवर्षी घरी जाता येईल, हेही मनात होतंच. आई गेल्यापासून बाबा एकटे होते.

दरवर्षी मी यायची, टेकाडावर यंत्र लावायची, घरी भाकरी खायची आणि निघायची. बाबा म्हणायचे, थांब की दोन दिवस. मी घड्याळ बघायची. आपल्या माणसांजवळ बसलं की मला कसली घाई सुटते, देव जाणे!

या वर्षीचं मोजमाप शेवटचं होतं. पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवायचं, की माझं इतक्या वर्षांचं काम पुरं झालं. पुढचं काम समुद्राकाठी, लांब. फोनवर हे सांगितलं तर बाबा नुसतं ‘हाव’, म्हणजे बरं, म्हणाले. मग फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.

बुलढाण्याहून निघाले ती ड्रायव्हरच्या डोक्यावर बसूनच. गाडी पळव, ट्रकमागे काय रांगतोस. घरी पोचल्यावर चहासुद्धा घेतला नाही, सरळ टेकाड चढायला लागले. बाबा मागून धापा टाकत येत होते, हळू चाल म्हणत होते आणि गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, वय झालं.

वर पोचले आणि यंत्राची पेटी खांद्यावरून खाली ठेवली.

टेकाडावर कमरेएवढा ओटा उभा होता. चारी बाजूंनी पांढऱ्या फरशा, पायऱ्या, कडेला तुळस. आणि मधोमध, सिमेंटमध्ये बसवलेला, झेंडूचा हार घातलेला माझा दगड. हळद-कुंकूसुद्धा वाहिलेलं.

"पाह्य, आता कसा दिसते," बाबा म्हणाले. "मातीत पडून होता. बकऱ्या बसत त्याच्यावर. तुहा दगड, अन् असा?"

मग सगळं कळत गेलं. गेल्या वर्षी शाळेत माझा सत्कार झाला होता. शाल पांघरून मी जोरात बोलून गेले होते, की या दगडावरून जमिनीची उंची मोजतात, हा आपल्या गावाचा मान आहे. गावाने ते मनावर घेतलं. आमच्या आळीतले मिस्त्री चाचा, ज्यांच्या अंगणात मी लहानपणी खेळले, त्यांनी मजुरी न घेता बांधकाम केलं. पहारीने दगड उपटताना एक कोपरासुद्धा टवकू दिला नाही, हे बाबांनी मला दोनदा सांगितलं.

दगड हलला तर मूळ जागा सापडावी म्हणून भोवती चार साक्षीचे दगड पुरलेले असतात. मी वेड्यासारखी गवत उपसायला लागले. बाबा म्हणाले, ते कायले शोधतं, ते तर ओट्याच्या पायात भरले, लय मजबूत होते.

माझा संताप मस्तकात गेला. आजवर मी ऑफिसात यापेक्षा कितीतरी लहान चुकीसाठी माणसांना रडवलं आहे. मी ओट्याभोवती फेऱ्या मारत राहिले. आतल्या आत जळत होते आणि तोंड उघडलं तर काय निघेल याची मलाच भीती वाटत होती. बाबा पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"आता बरोबर उंचीवर आला ना तो?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण मोजमापाच्या बाबतीत मला ते जमत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं, दगड हलला, साक्षीदार गेले, आता जुनं मोजमाप नव्याशी जुळणार नाही. इतक्या वर्षांचं काम इथे तुटलं.

बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, आत्ता चाचाला बोलावतो, होता तिथे ठेवू. मी म्हटलं, नेमका होता कुठे तेच आता कोणाला ठाऊक नाही. ते हात चोळत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. उरलं नुसतं वाईट वाटणं.

"मंग आता?" ते म्हणाले.

मी म्हटलं, आता पहिल्यापासून. आजचं मोजमाप पहिलं धरायचं. ओटा मुरताना किती खचतो तेही नोंदवायचं आणि दरवर्षी परत, तितकीच वर्षं. समुद्राकाठच्या कामाला दुसरं कोणी जाईल.

 बाबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, घसा खाकरला. एवढं नुकसान झालेल्या लेकीसमोर आनंद दिसू नये म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण आवाजाने घात केला.

"म्हंजे तुले दरसाली यावंच लागन?"

"हाव," मी म्हणाले, आणि हार बाजूला काढून यंत्र लावायला घेतलं.