पत्र्याची कातडी

त्या सकाळी भाकरी तव्यावर असताना भाचीचा फोन आला. "आत्या, बाबा गेले..." सुनीता एवढंच बोलली. बबन माझा धाकटा भाऊ. बुलढाण्यात त्याचं धान्याच्या पत्री कोठ्या करायचं दुकान. त्याला जाऊन दीड महिना झाला. मेल्यावर सगळ्यांनाच चांगलं म्हणतात. बबन चिडका होता, हे आधी लिहिते. आजारपणात मी त्याला म्हटलं होतं, दुकान विकून टाक, पोरीच्या हातून गिऱ्हाईक टिकणार नाही. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

खूप वर्षांपूर्वी त्याने मला एक कोठी करून दिली होती. दर दिवाळीला मी ती चिंच अन् विटेची भुकटी लावून पितळेच्या घागरीसारखी घासायची. शेजारणी म्हणायच्या, काय चमकते! मग एका वर्षी बुडाशी तांबूस डाग दिसले. आत बियाण्याची ज्वारी होती. मी बबनला देऊळघाटला माझ्या घरी बोलावलं अन् सुनावलं, सख्ख्या बहिणीला सडका पत्रा दिला! त्याने पत्र्यावरून बोट फिरवलं अन् कपाळावर हात मारला.

"काऊन घासली वं अक्का? वरचं जस्त म्हनजे पत्र्याची कातडी. तू तं त्याले पार सोललं!"

"मंग आधी सांगाचं ना!"

"मले काय मालूम, तू कोठीले आंघोळ घालतं!"

त्याने गंज पॉलिश पेपरने खरवडला, कोरडं पुसलं, तांबडा प्रायमर लावला. रंगही आजच लाव म्हटलं, तर ऐकेना. "ओल्यावर रंग चढवला तं पापुद्रे निघतेत," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने आला. ती कोठी अजून धड आहे.

परवा मी दुकानात गेले. सुनीता बसली होती. एक माणूस दुरुस्तीला टाकलेली कोठी न्यायला आला.

"झाली का वं पोरी? आजच रंग मारून दे. गाडी उभी हाये."

तिने प्रायमरवर बोट टेकवलं. बोटाला तांबडं लागलं.

"नाही काका. उद्या या."

"बबनभाऊ असता तं..."

"बाबा असते तं त्यायनं तुमाले परवा बोलावलं असतं."

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तो पुटपुटत गाडीत बसला अन् निघून गेला. कोठी मात्र तिथेच ठेवून गेला.