खलनायकाची नखं

कॉमिक्सच्या जत्रेत नायकांचे पोशाख घातलेल्या पोरांबरोबर फोटो काढायला ही झुंबड उडाली होती. खलनायक झालेला कॉलेजातला एक मुलगा मात्र पायरीवर एकटाच बसला होता. मला बघून म्हणाला, "काकू, एवढी बाटली उघडून देता? या नखांनी झाकण फिरत नाही." पुठ्ठ्याची वीतभर नखं होती.

मी झाकण उघडलं आणि शेजारीच टेकले.

घरी एकटीच असते, त्यामुळे जपानी कार्टून मालिका मी पुष्कळ बघते. नायकाचं घर पहिल्याच भागात दिसतं. खलनायकाचं बालपण मात्र तो मरायला टेकल्यावर दाखवतात. रिकामं घर, वाट बघणारं कोणी नाही. मला राग येतो. आधी सांगायला काय झालं होतं? वेळेवर कोणी "जेवलास का?" एवढं विचारलं असतं, तर अख्खं शहर वाचलं असतं.

न राहवून मी विचारलंच, "जेवलास का रे?"

"हो, आईनं डबा दिला होता," तो मुखवट्याआडून म्हणाला. "तुम्ही जेवलात?"

मी त्याच्या बाटलीचं झाकण उगाच लावत, उघडत बसले.