गोळीमुळे गेलेला महिना

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचं काम मी बरीच वर्षं करते. ३.४ आलं तर ३.४ लिहायचं. शेजारी ३.५ करून मागतो, चुलत सासरेही मागतात. देत कुणालाच नाही. त्यामुळे नांदेडच्या डॉक्टरबाईंनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवला, तेव्हा तोही मी आहे तसाच वाचला. शून्य पॉइंट चार. अंडाशयात अंडी किती उरली असतील, याचा अंदाज देणारा तो आकडा. सोनोग्राफीत एका बाजूला अंड्याच्या दोन पिशव्या दिसल्या, दुसऱ्या बाजूला एक. माझं वय एकोणचाळीस.

"दुसऱ्या बाईचं अंडं घेतलं तर शक्यता जास्त आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्वतःचंच हवं असेल तर वेळ फार नाही, ताई."

स्वतःचं हवं होतं. का, ते मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्याचं वाईट असतं असं मी मानत नाही. पण आपलं आहे की नाही हे पुरतं बघितल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, एवढं मनात पक्कं होतं.

मग त्यांनी पीआरपीबद्दल सांगितलं. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला प्लेटलेट जास्त असलेला पिवळा भाग वेगळा करायचा आणि तो अंडाशयात टोचायचा. काही जणींना त्यानंतर अंडी मिळाली, पण ती त्यामुळेच मिळाली याचा पक्का पुरावा अजून नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मी विचारलं, "किती जणींपैकी किती जणींना?"

"सांगितला तर तो आकडा माझ्या मनाचा होईल."

या उत्तरावर मी हो म्हणाले. एकदाच करायचं, आणि दुसऱ्यांदा करा असं कुणीही म्हटलं तरी नाही म्हणायचं, हे तिथेच नवऱ्याला सांगून टाकलं.

घरी सांगायचं काय, हा प्रश्न होता. लग्नानंतर काही वर्षांनी मला दिवस गेले होते आणि तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. तेव्हा गावातल्या बाया ओसरीवर येऊन बसायच्या, माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. ते पुन्हा नको होतं. नवऱ्याने तोड काढली, "मुतखडा झाला म्हनू. खड्यासाठी नांदेडला गेलं तर कोनी काहून म्हनून इचारत न्हाई."

कुणी विचारलं नाही, पण खड्यावरची घरगुती औषधं सुरू झाली. कुणी पानफुटीची पानं आणून दिली. सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, रोज सकाळी हुलग्याचं कढण करायचं मनावर घेतलं. पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. नवरा चहा पिता पिता म्हणायचा, "पी, पी. पार वितळून जाऊ दे."

डॉक्टरबाईंनी तारीख पाळीच्या हिशोबाने दिली होती. त्याआधी दुखणं थांबवायची गोळी घ्यायची नाही, असंही बजावलं होतं; तशा गोळीने प्लेटलेटचं काम मंदावतं. घरात हळद काढणी चालू होती. तारखेच्या आदल्या दिवशी दिवसभर वाकून हळकुंडं मोडली आणि पाठ धरली. मी काहीच घेतलं नाही, पडून राहिले. संध्याकाळी आत्याबाईंनी पुन्हा कढण दिलं. ते थोडं कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबली का न्हाई कळ? माझी गुडघ्याची गोळी कुटून टाकली व्हती त्यात. तू गोळी म्हनलं की तोंड फिरवती, म्हनून सांगितलं न्हाई."

पाठ दुखायची खरंच थांबली होती.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "दुखण्याची गोळी घेतली का?"

"न्हाई," नवरा म्हणाला.

"घेतली," मी म्हणाले. "काल संध्याकाळी. कढणातून."

नर्स आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी गोळीची पट्टी सोबत आणली होती, ती दाखवली. डॉक्टरबाईंनी ती बघितली आणि तारीख पुढच्या पाळीवर ढकलली.

आम्ही परतीची एसटी धरली. डोंगरकडा गाव जवळ आल्यावर नवरा म्हणाला, "एका गोळीनं काय झालं असतं?"

"मला माहीत न्हाई."

"मंग?"

"मंग म्हनूनच. एकदाच करायचं ठरलंय. उद्या झालं न्हाई तर गोळीनं बिघडलं का मुळातच नव्हतं, हे कळाया पाहिजे का न्हाई?"

"महिना गेला ना पर."

"तो गेलाच. आता पुढचा जाऊ द्यायचा न्हाई. घरी गेल्यावर आत्याबाईला सांगनार हाव मी."

आत्याबाई अंगणात बेण्यासाठी हळदीचे जेठे गड्डे, मधले मोठे कंद, निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून मुतखडा नाहीच, इथपासून सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. माती झाडायची, गड्डा फिरवून डोळे बघायचे, इकडे नाहीतर तिकडे टाकायचा.

"म्हंजे इतके दिवस तू उगाच हुलगे पिऊन राहिली?"

"व्हय."

"सांगायला काय झालं व्हतं तुला?"

"पुन्हा सगळ्या येऊन बसतील म्हनून."

"त्या बसतील. मी काहून बसन?" हातातला गड्डा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमी दोघांनी नाद सोडला. म्हनून मी बी काढत नव्हते इषय." मग उठल्या, स्वतःच्या गोळ्यांचा डबा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हे तुझ्या कपाटात ठेव. माझा गुडघा दुखला तर मी मागून घेईन. माझ्या हाताचा भरोसा न्हाई."

पुढच्या पाळीनंतर ठरल्याप्रमाणे झालं. रक्त काढलं, नळ्या यंत्रात फिरल्या. आमच्या केंद्रावर नवं यंत्र यायच्या आधी दूधही असंच नळीत घालून फिरवत असू, त्यामुळे वेगळा झालेला थर मला नवा नव्हता. खाली लाल, वर फिकट पिवळा. थोडी भूल दिली. जागी झाले तेव्हा टोचून झालं होतं आणि आत्याबाई पलंगाशेजारी बसून नर्सला हळदीचे भाव सांगत होत्या.

पुढचे तीन महिने तपासण्या झाल्या. रक्ताचा आकडा शून्य पॉइंट चारच राहिला. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत तीनऐवजी चार पिशव्या दिसल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढा फरक एखाद्या महिन्यात आपोआपही पडतो. त्याचं श्रेय मी पीआरपीला देणार नाही." मीही देत नाही. पण चार होत्या, म्हणून त्याच महिन्यात अंडी वाढवायची इंजेक्शनं सुरू केली.

अंडी दोन मिळाली. एकाचं काही झालं नाही. दुसऱ्याचा गर्भ तयार झाला आणि तो गोठवून ठेवला आहे.

आता पाळी आली की पुन्हा इंजेक्शनं सुरू होतील. पीआरपी नाही, ते एकदाच ठरलं होतं. आणखी एकदा अंडी काढायची, मिळालं तर दुसरा गर्भ ठेवायचा, आणि मग एकेक करून आत सोडायचे. काल जेवताना नवऱ्याने विचारलं, "अन् न्हाईच झालं तर?"

आत्याबाईंनी भाकरी वाढता वाढता त्याच्याकडे रागाने बघितलं. मला राग आला नाही, प्रश्न बरोबर होता.

"न्हाई झालं तर आपलं नव्हतं, हे पुरतं कळंल," मी म्हणाले. "मंग दुसऱ्या बाईच्या अंड्यासाठी त्याच डॉक्टरबाईकडं जाऊ. घरात लेकरू यायचं हाय, एवढं माझं ठरलंय."

"बराबर," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी जास्तीची टाकली.