आधी मेलेलं घोडं

निजामाच्या सबंध राज्यात, रोग्याला सुई टोचण्याआधी आपल्या हातून कोण मेलं ते सांगणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. हकीम, वैद्य, डाग देणारे, जळवा लावणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हाताला म्हणे यश होतं, आणि जे मेले ते सगळे आपापल्या नशिबाने मेलेले होते. आतोबांचं उलटं. औशाच्या त्यांच्या अंगणात कोणी कंबर धरून वाकत वाकत आला की ते त्याला लिंबाखाली बसवत, तांब्याभर पाणी देत आणि सुरुवात करत, "हे बघ, रिसाल्यात असताना माझ्या हातनं एक घोडं मेलंय. तांबडं, लई गुणाचं. बरगडीत सुई बोटभर खोल गेली, फुप्फुसाला लागली. सकाळी टोचलं, सांजच्याला गेलं. आता बोल, टोचू का घरी जातो?" निम्मे लोक इथंच बरे होऊन घरी जात.

आतोबा निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, सलोत्री होते, घोड्यांचे वैद्य. लंगड्या घोड्याच्या आखडलेल्या मांसात बारीक सुया घालून ते सैल करायचं, ही विद्या ते तिथल्या एका म्हाताऱ्या सलोत्र्याकडून शिकले. नोकरी संपवून औशाला आले तेव्हा रिसाल्यातले घोडे मागे राहिले आणि विद्या बरोबर आली, ती त्यांनी माणसांकडे वळवली. पण माणूस हे त्यांच्या लेखी शेवटपर्यंत दोन पायांवर चालणारं, म्हणून जरा कमी भरवशाचं घोडंच राहिलं. कुठं दुखतं हे ते कधी विचारत नसत. "घोडं बोलत न्हाई, म्हणून खोटंबी बोलत न्हाई," म्हणायचे. रोग्याला ते एकदा मऊ मातीवर आणि एकदा फरशीवर चालायला लावत, आणि स्वतः उकिडवे बसून खालून बघत. हदगावहून, म्हणजे इतक्या लांबून, कापसाचे एक लठ्ठ व्यापारी गुडघा धरून आले होते. त्यांना आतोबांनी भर दुपारी असं इतक्या वेळा चालवलं की शेवटी ते दुसराही गुडघा धरायला लागले. मग आतोबा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "गुडघा बरा हाय. जोडा चुकलाय." व्यापाऱ्यांनी जोडा बदलला आणि खरंच बरे झाले. एवढ्या लांबून येऊन एकही सुई मिळाली नाही याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं.

उपाशी माणसाला ते सुई लावत नसत. समोर बसवून ज्वारीची भाकरी आणि गुळाचा खडा खायला घालत, मगच पुढची गोष्ट. एक पैलवान 'मला काय होतंय' म्हणून तसाच पालथा पडला, आणि पहिल्याच सुईला पांढरा पडून असा निपचित झाला की चौघांनी त्याला उताणा केला. तेव्हापासून त्या अंगणात भाकरीला माफी नव्हती. अंगात ताप असेल, जखम झाली की रक्त लवकर थांबत नसेल, तर आल्या पावली परत. बाई असेल तर आत्या तिला आत नेऊन दिवस गेलेत का ते विचारून येई, आणि गेले असतील तर सुईऐवजी शेक देऊन पाठवी. सुया तपेलीत खळखळ उकळायच्या. टोचताना आणि काढताना आतोबा मोठ्याने मोजत, "सात गेल्या. सात आल्या." मधे कोणी खोकला तरी पुन्हा पहिल्यापासून.

आणि सगळ्यांत अजब म्हणजे तीन दिवसांचा नेम. पहिल्या दिवशी नुसतं येऊन बसायचं. दुसऱ्या दिवशी सुई हातात घ्यायची, बघायची आणि हुंगायची. सुई तिसऱ्या दिवशी. "नव्या घोड्याला खोगीर आधी हुंगू द्यावं लागतं. एकदम घातलं तर बुजतं, अंग आवळतं. आवळलेल्या अंगात सुई वाकते." पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, ज्यांच्या नुसत्या चाहुलीने बाजार गप्प व्हायचा, ते डोळे मिटून सुई हुंगत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. मोबदला म्हणून आतोबा घरच्या घोडीसाठी गवताची एक पेंढी घेत. घोडी मरून चार वर्षं झाली होती. पेंढी शेजारच्या म्हशीला जायची, पण दर मोडायचा नाही.

माझे वडील या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत. ते लातूरच्या अदालतीत नकलनवीस होते, आणि त्यांचं उर्दू अक्षर असं होतं की लोक हरलेल्या दाव्याची नक्कलसुद्धा जपून ठेवत. मेहुण्यांचा विषय निघाला की ते म्हणत, "आमचे दाजी चांगले आहेत. फक्त शेपूट असलेल्यांनी त्यांच्याकडे जावं." मग एका हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. पाठीच्या फऱ्यापाशी सुपारीएवढी गाठ, तिथून कळ निघून थेट बोटांत. बोरू हातात राहीना. लेप झाले, शेक झाले, हकिमाचं तेल झालं. दोन महिने नकला तुंबल्या तेव्हा मुन्सिफांनी बोलावून सांगितलं, "पहिल्या तारखेला खुर्चीवर बसा, नाहीतर खुर्ची सोडा." वडिलांना दुसरं काही येत नव्हतं. अक्षर हीच त्यांची जमीन. मी नांदेडहून जिनिंगमधली रजा काढून आलो आणि त्यांना बैलांच्या दमणीत घालून औशाला नेलं. प्रत्येक खड्ड्याला ते मेहुण्यांचं नाव घेत होते, पण आता टिंगल नव्हती.

आतोबांनी सख्ख्या मेहुण्यालाही काही सवलत दिली नाही. घोडं ऐकवलं. चालवलं. भाकरी चारली. दुसऱ्या दिवशी सुई हुंगायला दिली, आणि अदालतीतल्या त्या मानी माणसाने ती मुकाट्याने हुंगली. मला हसू आलं नाही. आतोबांनी दोन बोटांनी गाठ चिमटीत वर उचलली आणि मला दाखवली. "हिच्या खाली फुप्फुस हाय. सुई सरळ न्हाई, अशी तिरकी, चिमटीतल्या चिमटीत." त्यांचा चेहरा तेव्हा असा झाला होता की मी नकळत उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी अंगणात दहाबारा माणसं होती. टोचण्याआधी आतोबा नेहमी एक गोष्ट करत. काठोकाठ भरलेली पितळी वाटी उजव्या तळव्यावर घेऊन हात लांब करत, आणि शंभर मोजेपर्यंत पाणी हललं नाही तरच सुईला हात लावत. वडील घोंगडीवर पालथे झाले होते. आतोबांनी वाटी उचलली. तीसपर्यंत मोजलं असेल, पाणी सांडलं. त्यांनी हात पुसला, वाटी पुन्हा भरली. या वेळी दहाच्या आत सांडलं.

वडिलांनी मान वळवून पाहिलं होतं. ते म्हणाले, "दाजी, चार थेंबांनी काय बिघडतं? टोचा तुम्ही. परवा पहिली तारीख आहे."

"न्हाई, भाऊसाहेब."

"मी म्हणतोय ना! जबाबदारी माझी."

"अंग तुमचं हाय, पण हात माझा हाय," आतोबा म्हणाले. मग अंगणाकडे वळून, बाजारभाव सांगावा तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासनं माझी सुई बंद. हात थरथरायलाय." ज्या हातासाठी लोक तालुके ओलांडून येत होते, तो त्यांनी त्या एका वाक्यात खाली ठेवला. मी त्यानंतर मोठी म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली, पण आपला हात चालत नाही हे दहा माणसांत सांगणारं दुसरं कोणी पाहिलं नाही. वडिलांनी तोंड घोंगडीत खुपसलं. त्यांची पाठ हलत होती.

आतोबांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलं का? बाहेर ये. वाटी धर."

आत्या पदराला हात पुसत आली. डोक्यावरचा पदर नीट केला, वाटी घेतली आणि उभी राहिली. शंभर झाले. पाणी आरशासारखं.

"अक्का, तू?" वडील म्हणाले. "तुला येतं?"

"यांची कंबर कोण टोचतंय मग?" आत्या म्हणाली. "बारा वर्षं झाली. दुसऱ्याचा हात चालत न्हाई यांना, अन् बाईकडनं टोचून घेतो म्हणून सांगायची लाज वाटती." अंगणात एकदोघे हसले. आतोबाही हसले, पण उशिरा.

त्या दिवशी आत्याने सुया लावल्या, चिमटीतल्या चिमटीत, तिरक्या. आतोबा वडिलांच्या उशाशी बसले, बिथरलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि पुटपुटत राहिले, "हो बेटा, हो. झालं. हो." गाठ एकदा फडफडली, वडील कळवळले, आणि मग सैल पडले. सात गेल्या, सात आल्या. मोजणारा आवाज आत्याचा होता. वडिलांचा हात लगेच आभाळाला लागला नाही, कपाळापर्यंत आला. पण बोटं मिटली आणि बोरू त्यांत राहिला. पहिल्या तारखेला ते खुर्चीवर बसले. अक्षर जरा कललं होतं, मुन्सिफांना ते कळलं नाही.

त्या दिवशी औशाहून निघताना वडील आतोबांच्या पाया पडले. एरवी ते मेहुण्यांना लांबूनच हात जोडत. आतोबांनी आशीर्वाद दिलाच नाही, ते वडिलांचा खांदा कसा वाकतो ते बघत होते. "हात अजून चार बोटं कमी येतोय," म्हणाले. "पुढल्या आठवड्यात हिच्याकडं या." हिच्याकडं, हे त्यांनी सहज म्हटलं, पण म्हणून झाल्यावर ते अंगणात थांबले नाहीत.

दमणी बरीच पुढे येईपर्यंत वडील उजवी मूठ उघडत आणि मिटत होते. मग म्हणाले, "अक्काचा हात हलका आहे. पण खरं सांगू? मला सुई कळलीच नाही. सगळा वेळ माझं लक्ष डोक्यावरच्या त्या हाताकडे होतं. तो थरथरत होता रे, आणि तरी दाजींनी तो उचलला नाही."