जमत नाई

कुणी काहीही मागो, आमच्या मामांचं पहिलं उत्तर ठरलेलं: "जमत नाई." नवखा माणूस तिथूनच माघारी फिरायचा. आम्ही भाचरं मात्र बाजेवर ठाण मांडून बसायचो, कारण मामांचा नकार चहा निवेपर्यंतसुद्धा टिकत नसे.

पातूरजवळ त्यांचं एवढंसं शेत. तुरीच्या कडेनं झेंडू, विहिरीपाशी शेवंती, एक गाय, थोड्या कोंबड्या आणि चंपी नावाची महाबिलंदर बकरी. पोळा सरला, झेंडूला कळ्या धरल्या, की आम्ही अकोल्याहून तिथं टपकायचो. "मामा, थोडी फुलं तोडू?" "जमत नाई. दसऱ्याचा माल हाये तो." आणि संध्याकाळी निघताना फुलांची पिशवी उचलता उचलत नसे. मामी हसायची. "ह्यायच्या 'जमत नाई'ले भेऊ नको पोरी. तेवढा रुबाब करू दे ह्यायले."

चंपीचा सगळा जीव झेंडूत. डोळा चुकवून वाफ्यात शिरायची आणि कळ्यांचा फडशा पाडायची. अख्खं गाव सांगून थकलं, बांधून ठेवा तिला. मामा म्हणायचे, "जमत नाई. बकरी काय नवरदेव हाये, एका जागी बसाले?"

यंदा श्रावणात मामी गेली. मी म्हटलं, "मामा, माझ्याकडे चला अकोल्याला." ते नाही म्हणतील, मग मी भांडेन, अशी पदर खोचून तयारी होती माझी. मामा म्हणाले, "जमते." मी खोचलेला पदर सोडला आणि त्यांची पिशवी भरायला घेतली.

जनावरं शेजारच्या रहीमचाचांवर सोपवून आम्ही निघालो. अकोल्यात मामांना सगळंच जमू लागलं. टीव्ही लावू? जमते. खिचडी करू? जमते. ताटात मात्र निम्मं तसंच. बाई गं, त्या शहाण्यासारख्या वागण्याचा मला इतका संताप यायचा! मला माझे आडमुठे मामा परत हवे होते, आणि ते कुठून आणायचे ते कळत नव्हतं.

नवरात्र तोंडावर आलं आणि एका संध्याकाळी रहीमचाचांचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकर लावून दिला.

"भाऊ, तुमची चंपी सारा झेंडू खाऊन राह्यली. बांधून टाकू का तिले?"

मामांनी फोन तोंडाजवळ ओढला. मी लाटणं धरून तशीच उभी.

"जमत नाई!" खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल. "बांधू नको तिले, मी येऊन राह्यलो! पोरी, माह्या चपला कुठी ठेवल्या तू?"

"मामा, अंधार पडला. सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ."

"जमत नाई."

"बरं, निदान जेवून तरी घ्या."

"जमत नाई," म्हणाले आणि मांडी घालून बसले. ताट चाटूनपुसून साफ केलं, वर आणखी एक पोळी मागितली. मी डोळे पुसले, तवा पुन्हा चढवला आणि म्हटलं, "जमत नाई."