ज्वालामुखीला दहापैकी सात

ज्या दगडाचा पाटा-वरवंटा तुमच्या घरात होता, ज्यावर तुमची धुणी आपटली गेली, ज्याच्या पायऱ्या चढताना शाळेच्या सहलीत सिंहगडावर तुम्हाला धाप लागली, तोच काळा दगड बघायला तुम्ही पैसे भरून परक्या देशाच्या टोकाला जाल का?

आम्ही गेलो. गेल्या जूनमध्ये, चौघं, स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, आणि तेही ‘प्रायव्हेट गायडेड डे टूर’ घेऊन. प्रायव्हेट हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर, आणि आठवीत असताना सकाळच्या पाळीला गेटवर उभी राहून ती वाटतही होते. त्या घरातली मुलगी आता लंडनच्या हाउन्सलोत राहते आणि एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासते, यावर बाबांनी फोनवर एकदाच मत दिलं. ते इथे छापण्याजोगं नाही.

ही टूर माझ्या ताईच्या सासऱ्यांसाठी होती. ताई आणि भाऊजी जवळच ईलिंगला राहतात. सासरे उन्हाळ्यापुरते पुण्याहून आले होते. मी त्यांना काका म्हणते. काकांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासले. पुढे ते मॉडरेटर झाले, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासून मार्क कमी करू लागले. दरवर्षी फळ्यावर लाल-पिवळ्या खडूने ज्वालामुखी काढणाऱ्या या माणसाने खरा ज्वालामुखी कधी पाहिला नव्हता. भाऊजींनी तो दाखवायचं ठरवलं. आइसलँडला वेगळा व्हिसा लागतो, म्हणून ब्रिटनच्या आतल्या आत जो सापडला तो घेतला. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेला आहे हे भाऊजींनी ब्रोशरमध्ये वाचलं नव्हतं.

“प्रायव्हेट कशाला? पब्लिक बस आहे की,” मी म्हणाले.

“बस काकांसाठी दर तासाला थांबणार नाही,” ताई म्हणाली. “तुझ्या क्रांतीला बाथरूम लागत नसेल. त्यांना लागतं.”

इनव्हर्नेसला आम्ही उतरलो होतो त्या बी-अँड-बीच्या दारात सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी पांढरी व्हॅन आली. गाईड आणि ड्रायव्हर एकच, पन्नाशीचा माणूस, तांबूस दाढी, जन्म स्कायचाच. कमरेला किल्ट होता, इथल्या पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा. घरी मी पँट घालतो, असं त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. किल्ट कंपनीचा, पाहुण्यांना आवडतो म्हणून. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात मिज नावाची चिलटं असतात. ती पाहुण्यांना काय आवडतं ते विचारत नाहीत, थेट गुडघ्याला चावतात.

पूल ओलांडून बेटावर शिरलो तेव्हा धुकं होतं. भाऊजींनी काचेला नाक लावलं.

“धूर कुठून येतो?”

“सहा कोटी वर्षं उशीर केलात सर,” गाईड म्हणाला.

“काय करणार, एअरपोर्टला क्यू होता.”

काका मात्र गाडी थांबायच्या आधीच दार उघडायच्या बेतात होते. रस्त्याकडेच्या कड्याजवळ जाऊन त्यांनी दगडावर हात फिरवला, बोटाला थुंकी लावून पुन्हा फिरवला, आणि मग भारतीय शाळेच्या खणखणीत इंग्रजीत गाईडला सांगितलं, की हा बेसॉल्ट आहे, आणि आमचं जवळजवळ सबंध महाराष्ट्र राज्य यावर उभं आहे. आमचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तुमचा धाकटा.

“मग मी थोरल्या घरच्या पाहुण्यांना फिरवतोय,” गाईड म्हणाला.

तिथून पुढे आम्ही तिघं त्या टूरमध्ये नव्हतोच. ते दोघं पुढच्या सीटवर बसून लाव्ह्याच्या थरांबद्दल बोलत होते. किल्ट रॉक नावाच्या कड्याला समुद्रात उतरणारे दगडी खांब पाहून काका म्हणाले, असाच खडक अंधेरीत आहे, वर देऊळ, भोवती झोपड्या आणि बिल्डर. गाईडने विचारलं, बघायला लोक जातात का? काका म्हणाले, पत्ता विचारायला जातात.

दुपारी पाऊस आला. आम्ही व्हॅनमध्ये ताईने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. गाईड बाहेर व्हॅनच्या आडोशाला उभा राहून सँडविच खात होता, कारण पाहुण्यांसोबत जेवायचं नाही असा नियम. काकांनी काच खाली केली. “आमच्याकडे असा नियम आहे की पाहुण्याचं ऐकायचं,” ते म्हणाले. तो आत आला. चटणीने त्याच्या कपाळावर घाम फुटला, पण दुसरी दशमी त्याने मागून घेतली.

तेव्हाच त्याने पुलाची गोष्ट सांगितली. पूल खासगी पैशातून बांधला गेला आणि स्वतःच्या घरी जायला बेटावरच्या लोकांना जबर टोल भरावा लागू लागला. बऱ्याच जणांनी भरायला नकार दिला. खटले झाले. हाही त्यात होता, कोर्टाच्या खेपा घातल्या. काही वर्षांनी टोल गेला. हे त्याने पाऊस थांबेपर्यंतचा वेळ काढायला सांगावं तसं सांगितलं.

मी लगेच त्याला खासगीकरणाचा अर्थ समजावून दिला. साधारण वीस मिनिटं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पाहुण्याचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, असाही नियम असणार.

मग मी त्याच्या नोकरीचं विचारलं. तो आधी टाळत होता. मी सोडलं नाही. गेटवर वाढलेली मुलगी सोडत नसते. बारा-बारा तास गाडी, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी, हिवाळ्यात काम नाही. प्रायव्हेट टूरला पगार बरा असतो, त्यावर हिवाळा निघतो. त्या टूर कुणाला द्यायच्या ते कंपनी दर फेब्रुवारीत ठरवते. “हे आपलं असंच बोलतोय हं,” तो म्हणाला आणि वायपर चालू केला.

संध्याकाळी परत सोडताना त्याने एक पाकीट दिलं. आत अभिप्रायाचा फॉर्म होता, वर त्याचं नाव छापलेलं. काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. माझ्या आयुष्यातल्या चार चांगल्या दिवसांपैकी हा एक, असं ते त्याला म्हणाले. बाकीचे तीन कोणते ते आम्ही विचारलं नाही, कारण ताई तिथेच उभी होती आणि त्यात लग्नाचा दिवस नसता तर सासूबाईंपर्यंत गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर काकांनी फॉर्म समोर घेतला, चष्मा पुसला आणि भाऊजींकडे पेनासाठी हात केला. तांबडं नाही का, असंही विचारलं.

“वक्तशीरपणा. चार मिनिटं उशीर. आठ.”

“बाबा, चार मिनिटांना दोन मार्क?” ताई म्हणाली.

“बोर्डात अडीच कापले असते. निसर्गदर्शन?”

“धुकं होतं,” भाऊजी म्हणाले. “सहा द्या. आणि तो धूर नव्हता त्याचं काय?”

“माहिती. सात.”

“अहो बाबा, तुम्ही दिवसभर त्याचं कौतुक करत होतात. नऊ तरी द्या.”

“नऊ देतो आणि मग त्याच्याहून हुशार आला तर त्याला काय देऊ? माझ्याकडे सात म्हणजे विशेष प्रावीण्य. माझ्या हातून भूगोलात सातांच्या वर कुणी गेलेलं नाही. तुझा नवरासुद्धा नाही.”

“मला पाच होते,” भाऊजी म्हणाले. “घरी राहून पाच.”

आम्ही हसलो. शेवटचा प्रश्न होता, ही टूर मित्रांना सुचवाल का? मी फॉर्म ओढून घेतला आणि ‘नाही’वर खूण केली. बेट सगळ्यांचं आहे, ते चार जणांच्या काचबंद गाडीतून दाखवणंच गैर आहे, असा माझा मुद्दा. कंपनीला तो कळावा म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात पानभर लिहिलं. कामाचे तास, अर्ध्या तासाची सुट्टी, हिवाळा, किल्ट, चिलटं. गाईडने हे आम्हाला स्वतः सांगितलं, असंही लिहिलं, म्हणजे त्यांना नाकारता येऊ नये. काकांनी ते वाचून दोन स्वल्पविराम घातले. पाकिटाला तिकीटही लागत नव्हतं. मी ते स्टेशनच्या लाल पेटीत टाकलं आणि ट्रेनमध्ये मला फार छान झोप लागली.

तीनेक आठवड्यांनी, रविवारी, मी ईलिंगला जेवायला गेले होते. कंपनीतून फोन आला. ताईने स्पीकर चालू केला. बाईचा आवाज मधाळ होता. आमचा दिवस निराशाजनक गेला याबद्दल कंपनीला मनापासून खेद होता. पुढच्या टूरवर सूट मिळणार होती.

“पण आमचा दिवस चांगला गेला,” ताई म्हणाली.

बाई म्हणाल्या, आमच्याकडे नऊच्या खाली म्हणजे तक्रार धरतात. शिवाय तुम्ही टूर सुचवणार नाही म्हणालात. शिवाय गाईडने पाहुण्यांकडे नोकरीची गाऱ्हाणी केली, हे तुम्ही लेखी कळवलंत, त्याबद्दल विशेष आभार. त्याच्याकडून खुलासा मागवला आहे. प्रायव्हेट टूरवरून त्याला काढलं आहे.

काका वरण-भात कालवत होते. त्यांचा हात थांबला.

“मी त्याला डिस्टिंक्शन दिलं होतं,” ते फोनकडे बघून इंग्रजीत म्हणाले. “मॅडम, सेव्हन इज डिस्टिंक्शन.”

बाई म्हणाल्या, निरोप पोचवते, आणि आमचा रविवार सुंदर जावो अशी इच्छा व्यक्त केली.

मी बोलायला सुरुवात केली: ही कंपनी, ही व्यवस्था, माणसाला आकड्यात मोजणं. बरोबरच बोलत होते, आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण ताईने मध्येच विचारलं, “तो म्हणाला होता ना, असंच बोलतोय म्हणून? मग तू का लिहिलंस?” त्याचं नाव छापलेल्या कागदाच्या पाठीवर मी कंपनीशी लढले होते. मला नोकरी होती, झोप होती आणि ट्रेनचं परतीचं तिकीट होतं. लढाई माझी आणि डोकं त्याचं, असा तो हिशेब.

काका उठले, हात धुतले, आणि भाऊजींना कागद मागितला. “रीचेकिंगचा अर्ज करायचा,” ते म्हणाले. “चूक परीक्षकाची आहे.” या माणसाने आयुष्यात रीचेकिंगचे किती अर्ज फेटाळले असतील ते तेच जाणोत. त्यांनी दीड पान लिहिलं: भारतात मार्क कसे देतात, मी कोण, या गाईडला प्रत्यक्षात दहापैकी किती द्यायला हवे होते. आकडा लिहिताना त्यांचं पेन अडलं. मग त्यांनी दहा लिहिले, आणि खाली सही करण्याआधी तो आकडा अक्षरीही लिहिला, बोर्डात लिहितात तसा.

मीही लिहिलं. तीन पानं झाली. काकांनी ती वाचून माझ्याकडे परत सरकवली.

“यात तो कुठे आहे गं?”

दुसऱ्यांदा मी चार ओळी लिहिल्या. मी गाईडला खोदून खोदून प्रश्न विचारले, त्याने स्वतःहून काहीही सांगितलं नाही, तक्रार माझी होती आणि ती कंपनीविरुद्ध होती, त्याचं काम उत्तम होतं. एवढ्या चार ओळींना मला दुपारचे अडीच तास लागले.

उत्तर आलं. पत्र मिळाल्याचा आनंद, आणि सोबत एक नवा फॉर्म: आमच्या तक्रार निवारणावर आपण कितपत समाधानी आहात? काकांनी तो रद्दीत टाकला. सप्टेंबरमध्ये, ते पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी मला फोन लावायला सांगितलं. तोच मधाळ आवाज. गाईड सध्या मोठ्या बसवर आहे. पुढच्या वर्षीचं फेब्रुवारीत, त्याची फाईल बघून ठरेल. फाईलमध्ये पाहुण्यांची पत्रं लावली जातात का, असं मी विचारलं. पाहुण्याचं नाव आणि टूरची तारीख असेल तर लागतात, त्या म्हणाल्या. सध्या दोन आहेत.

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहिते आहे ते उगाच नाही. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत तुमच्यातले कितीतरी जण आईवडिलांना घेऊन स्कायला जाऊन आलेत; मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तेच फोटो बघावे लागतात. तांबूस दाढीचा, किल्टमध्ये कुरकुरणारा, टोलसाठी कोर्टात उभा राहिलेला माणूस तुमचा गाईड असेल, तर तुम्ही त्याला ओळखलंच असेल. तुम्हीही ‘बरं होतं’ म्हणून सहा-सात दिले असतील. टूरची पावती शोधा. तिच्यावर त्याचं नाव, तारीख आणि कंपनीचा पत्ता आहे. फेब्रुवारी उजाडायच्या आत चार ओळींचं पत्र पाठवा: तो चांगलं काम करतो, आणि आम्ही पुन्हा गेलो तर तोच हवा. हवामानाबद्दल काही लिहू नका. कंपनीला सुनवायचं असेल तर ते दुसऱ्या पाकिटातून पाठवा, त्यावर फक्त तुमचं नाव घाला, आणि मला कळवा, मीही सही करेन. पण त्याचं पत्र आधी, आणि आजच.