बेहालाच्या गल्लीतलं शून्य

"बेहालाच्या या गल्लीचा रेशो एकच्या खाली आहे. इथला पंप यादीतून काढून टाकू," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या ऑफिसात, मॅडमच्या हाताखाली माझी इंटर्नशिप चालू होती. पुरापासून बचावाची कामं कुठे करावीत, याचा रिपोर्ट बनत होता. रेशो म्हणजे साधा हिशेब. एक रुपया खर्च केला, तर निदान एक रुपयाचं नुकसान टळायला हवं. नाहीतर पंप नाही.

त्या गल्लीचा सर्व्हे मीच केला होता. फॉर्मवर प्रश्न होता, 'गेल्या पावसाळ्यात घरातलं काय खराब झालं?' दारोदार उत्तर एकच, "काही नाही." मी शून्य लिहीत गेले.

तिथे पाणी शिरलं तरी वर राहावा म्हणून प्रत्येक पलंगाच्या पायांखाली विटा होत्या. बाबा गलाईचं, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम करतात, त्यासाठी इकडे आलेलो आम्हीही बेहालातच राहतो. आमचाही पलंग विटांवरच आहे. म्हणून त्यात लिहिण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची.

"मॅडम, मी... तिथे पुन्हा एकदा जाऊ का? माझं काहीतरी चुकलंय."

"शुक्रवारी रिपोर्ट जातोय. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते आण."

दुसऱ्या दिवशी मी आधी ब्लाउज शिवणाऱ्या मासीमांकडे गेले. बंगालीत मावशीला मासीमा म्हणतात.

"पाणी शिरलं की काय करता?"

"पलंगावर बसते. अजून काय, पोहू?"

"आणि मशीन?"

"तेही पलंगावर. पाणी उतरेपर्यंत शिवण बंद. मागे ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर पाणी साचलं. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती गेलीच."

"मग मागच्या वेळी सांगितलं का नाही?"

"तू खराब काय झालं ते विचारलंस ना, बाळ. खराब काहीच झालं नाही."

संध्याकाळपर्यंत मी सगळ्या गल्लीला एकच विचारत फिरले, काम किती दिवस बंद होतं? मॅडमनी त्या दिवसांची मजुरी नुकसानात धरली. रेशो एकच्या जेमतेम वर गेला. पंप यादीत राहिला.

"फॉर्म बनवताना हे मलाच सुचायला हवं होतं," मॅडम एवढंच म्हणाल्या.

त्याच फॉर्मवर मी आणखी दोन गल्ल्या केल्या होत्या. तिथे पुन्हा जायला वेळ उरला नाही. शुक्रवारी रिपोर्ट गेला, आणि त्यांची शून्यं तशीच गेली.

आता सर्व्हेत कुणी "काही नाही" म्हटलं, की मी लगेच पेन टेकवत नाही.